शब्दाची फोड करा, अर्थ हाती येईल

आज आपण इंग्रजी वाचनाबद्दल बोलणार आहोत. इंग्रजीचे नाव ऐकून रेडिओचा आवाज कमी करू नका. व्याकरण शिकवायचे नाही, एक उपयोगाची युक्ती सांगायची आहे.

आधी घडलेली गोष्ट ऐका. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी बांधावर मारून उरलेली तणनाशकाची बाटली होती. पावसाळ्यात सोयाबीनमध्ये तण माजले. घरचे बाहेरगावी गेलेले. ताईंनी दहावीतल्या लेकीला बाटलीवरचे वाचायला सांगितले. लेकीने अडखळत का होईना, बरोबर वाचले, 'नॉन-सिलेक्टिव्ह हर्बिसाइड'. हर्बिसाइड म्हणजे तणनाशक, एवढे तिला ठाऊक होते. पुढचा शब्द तिने उच्चारला आणि सोडून दिला. फवारणी झाली. थोड्याच दिवसांत तणाबरोबर अर्धा एकर सोयाबीनही पिवळे पडून वाळले.

लेकीला अक्षरे वाचता येत होती. अर्थ मात्र हाती आला नव्हता. आपल्या बऱ्याच मुलांचे असेच होते. धडा घडाघडा वाचतात, पण 'काय कळले?' विचारले की गप्प.

आता त्या शब्दाची फोड करू. मधला भाग 'सिलेक्ट', म्हणजे निवडणे. क्रिकेटमुळे हा शब्द घरोघरी माहीत आहे. त्याला 'इव्ह' ही शेपटी लावली की 'सिलेक्टिव्ह', म्हणजे निवड करणारे. पुढे 'नॉन' लावले की निवड न करणारे. म्हणजेच हे औषध तण कोणते नि पीक कोणते हे पाहत नाही, सरसकट जाळते. लेकीला 'सिलेक्ट' माहीत होता. शब्द सुटा करून पाहायची सवय तेवढी नव्हती.

ही सवय आपल्याला मराठीत आहेच. 'बिनव्याजी' म्हटले की व्याज नाही हे कोणी समजावावे लागत नाही. 'गैरहजर', 'बेहिशेबी', 'अपूर्ण' हेही तसेच. पुढचा तुकडा अर्थ फिरवतो. मागचा तुकडाही काम करतो. 'दुकान'चा 'दुकानदार' होतो, 'शहाणा'चे 'शहाणपण' होते. इंग्रजी शब्दांची बांधणीही पुष्कळदा अशीच असते. मधे खोड, पुढे डोके, मागे शेपटी.

त्यातले काही तुकडे तर आपण रोज बोलतो. मोबाईलचा 'रिचार्ज' म्हणजे पुन्हा चार्ज. 'री' म्हणजे पुन्हा किंवा परत. 'प्रीपेड' म्हणजे आधी पैसे भरलेले. 'प्री' म्हणजे आधी. आता गटाच्या कर्जाचे कागद घ्या. 'पे' म्हणजे पैसे देणे. त्यावरून 'पेमेंट' म्हणजे भरणा, 'रिपेमेंट' म्हणजे परतफेड, 'प्रीपेमेंट' म्हणजे मुदतीआधी केलेली फेड, 'अनपेड' म्हणजे न भरलेले. एक खोड कळले, चार शब्द कळले. 'रिफंडेबल' म्हणजे परत मिळण्याजोगे, कारण 'एबल' शेपटी 'तसे होऊ शकते' असे सांगते. त्याच्या पुढे 'नॉन' दिसला, तर ते पैसे परत मिळणार नाहीत. सही करण्याआधी हा 'नॉन' शोधायचा.

औषधांच्या दुकानातही एक शेपटी ओळखून ठेवा. सी-आय-डी-ई, म्हणजे 'साइड'. तिचा अर्थ मारणारे, नाशक. 'इन्सेक्ट' म्हणजे किडा, म्हणून 'इन्सेक्टिसाइड' कीटकनाशक. 'फंगस' म्हणजे बुरशी, म्हणून 'फंगिसाइड' बुरशीनाशक. 'हर्बिसाइड' वनस्पती मारणारे, म्हणून तणनाशक.

पण सावध राहा. फोड करून अर्थ दर वेळी निघतोच असे नाही. 'अंकल' या शब्दाची पहिली दोन अक्षरे यू-एन आहेत, 'अनपेड'सारखीच, पण तिथे नकाराचा संबंध नाही. 'रीड' म्हणजे वाचणे, त्यात 'पुन्हा' नाही. धोक्याचा शब्द आहे पेट्रोलच्या टँकरवरचा, 'इन्फ्लेमेबल'. 'इनकम्प्लीट' म्हणजे अपूर्ण, म्हणून 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे, असे कोणी समजेल. खरा अर्थ अगदी उलटा आहे, सहज पेट घेणारे.

म्हणून आम्ही आमच्या अभ्यासवर्गात चार पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली, लांब शब्द दिसला की घाबरून पुढे जायचे नाही, थांबायचे. दुसरी, डोके आणि शेपटी बोटाने झाकून ओळखीचे खोड शोधायचे. तिसरी, तुकडे जोडून अर्थाचा अंदाज बांधायचा. चौथी, तो अंदाज पूर्ण वाक्यात बसतो का ते पाहायचे. बसत नसेल तर विचारायचे किंवा शब्दकोश उघडायचा. औषध, फवारणी आणि सही यांच्या बाबतीत नुसत्या अंदाजावर कधीच चालायचे नाही. बाटलीसोबतचे माहितीपत्रक मागून घ्या, मराठीतला मजकूर वाचा, सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. आपल्यापैकी अनेकजणी त्याआधीच शाळेतून बाहेर पडल्या. तरी मुलांना मदत करता येते. मुलगी वाचत असेल तेव्हा शेजारी बसा आणि विचारा, 'यातला मधला शब्द कोणता गं? पुढे काय लावलंय?' उत्तर तुम्हाला माहीत नसले तरी चालेल. तुमच्या प्रश्नाने ती थांबेल आणि शब्द सुटा करून पाहील.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातले एक पाकीट, बाटली किंवा कागद आणा. त्यावरचा एक लांब शब्द निवडा, सगळ्याजणी मिळून फोडू, आणि वहीत एका खोडाखाली त्याचे सगळे शब्द लिहू. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर त्या ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, 'सिलेक्ट, सिलेक्टिव्ह, नॉन-सिलेक्टिव्ह'. यंदा फवारणीआधी त्यांनी बाटली हातात घेतली आणि पहिल्यांदा 'नॉन' आहे का ते पाहिले.