वारा वाटून घेऊ

"वहिनी, उद्या येताय ना सायकलवाले बघायला?"

हळदीकुंकवाच्या वाणासाठी आणलेले डबे मी मोजत बसले होते, तेव्हा बचत गटातल्या मैत्रिणीनं दारातूनच विचारलं. मी म्हटलं, "अगं, सायकली काय बघायच्या? आपल्या आंबीच्या पुलावरून रोज शंभर सायकली जायच्या एके काळी!" ती म्हणाली, "त्या वेगळ्या. ह्या परदेशातनं आल्यात. शाळेची पोरंसुद्धा झेंडे घेऊन जाणारेत."

गोष्ट आहे जानेवारी २०२६ मधली. 'पुणे ग्रँड टूर' नावाची सायकल शर्यत १९ ते २३ जानेवारी अशी पाच दिवस आपल्या पुणे जिल्ह्यात झाली. पहिल्या दिवशी पुणे शहरात छोटी वेळेची शर्यत आणि मग चार दिवस चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या यादीतली ही शर्यत. तीसहून अधिक देशांतले दीडशेच्या वर सायकलपटू आले होते. २० तारखेचा टप्पा मुळशी आणि मावळातला. आमच्या आंबीवरून काही ती वाट नव्हती. पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आम्हा बायकांना घराबाहेर पडायला एक हक्काचं निमित्त असतं. दोन रिक्षा केल्या, चटणी-भाकरी बांधून घेतली आणि निघालो.

खरं सांगायचं तर माझ्या मनात एक जुनी आठवण होती. माझं माहेर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतचं. लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत असली की अर्धं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. खंडाळ्याचा घाट चढून, लोणावळा ओलांडून ती घामानं निथळलेली मुलं यायची. आम्ही पोरं बादल्या भरून तयार असायचो आणि त्यांच्या अंगावर पाणी उडवायचो. वडील शर्यत कोण जिंकलं हे नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "घाटाचा राजा कोण झाला रे?" घाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला तो किताब मिळायचा. त्याचा रुबाब काही वेगळाच! दुसऱ्या दिवशी आम्ही वडिलांची मोठी सायकल काढून, दांड्याखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत घाटाचा राजा व्हायचो. मी मुलगी असूनसुद्धा 'राजा'च व्हायचे. 'राणी' असा किताब नव्हताच.

लग्न होऊन आंबीला आले आणि सायकल सुटली. कुणी बंदी घातली नाही हो. पण सासरी सुनेनं सायकलवरून तळेगावला जायचं, हे कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही.

तर आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. पोलिसांनी वाहतूक थांबवली होती. आधी मोटारसायकली गेल्या, मग पंचांची गाडी. आणि मग वळणावरून एकदम एक घोळका आला. इतक्या जवळून आणि इतक्या वेगात की आमचे पदर उडाले! चाकांचा नुसता 'सूंऽऽ' असा आवाज. रंगीबेरंगी कपडे, वाकलेल्या पाठी, आणि डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच सगळं संपलं. मागून टपावर सायकली बांधलेल्या गाड्या गेल्या, रुग्णवाहिका गेली.

आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "झालं? एवढ्यासाठी सकाळपासनं उभी होते होय मी?" आम्ही हसलो. मग त्यांनीच विचारलं, "आणि यात बाई कशी नाही गं एकपण?"

खरंच, ही शर्यत पुरुषांचीच होती. आजींचा तो प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आले. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न दिला तो शेजारच्या मुलानं.

हा मुलगा डिप्लोमाला आहे. शर्यतीचं त्याला भारी वेड लागलेलं. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा मोबाइलवर तेच बघत बसला होता. मी म्हटलं, "काय रे, दोन सेकंदांत निघून गेले सगळे. त्यात बघायचं काय?" तर तो सरसावून बसला.

"काकू, तुम्हाला कळलंच नाही. ही एकेकट्याची शर्यत नाही, संघाची आहे. रोजचा वेळ मोजतात आणि सगळ्या दिवसांचा मिळून बेरीज करतात. ज्याचा वेळ सगळ्यात कमी, तो जिंकला. पण तो एकटा जिंकूच शकत नाही. सगळ्यात मोठा शत्रू असतो वारा. जो पुढे असतो तो वारा अंगावर घेतो. त्याच्या चाकाला चिकटून मागे जो चालवतो, त्याची पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणून संघातली बाकीची मुलं मुख्य खेळाडूच्या पुढे राहतात. मागे गाडीपाशी जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणतात. त्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतात."

"मग त्यांना काय मिळतं?"

"त्यांचं नाव नाही येत काकू. त्यांना डोमेस्टिक म्हणतात."

हा शब्द मी त्याला पुन्हा म्हणायला लावला. फ्रेंच शब्द आहे. अर्थ काय, तर घरातला नोकर, घरगडी! पुढे मी याबद्दल वाचलं. फ्रान्समधल्या 'टूर द फ्रान्स' या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या संस्थापकानं, आन्री देग्रांजनं, १९११ मध्ये एका खेळाडूला हिणवण्यासाठी हा शब्द वापरला. तो खेळाडू स्वतःसाठी न पळवता दुसऱ्याला मदत करत होता म्हणून. आज तीच शिवी त्या कामाचं नाव होऊन बसली आहे. मैत्रिणींनो, 'घरकाम' हा शब्दही आपल्याकडे कसा उच्चारला जातो, ते तुम्हाला सांगायला नको.

त्यातली एक हकिगत मला फार लागली. साल १९३४. रने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा मुलगा टूर द फ्रान्समध्ये डोंगरावर सगळ्यांना मागे टाकत होता. पण त्याच्या संघाचा मुख्य खेळाडू उतारावर पडला, त्याचं चाक मोडलं. व्हिएतोनं आपलं चाक काढून त्याला दिलं आणि स्वतः कडेच्या दगडी कठड्यावर बसून दुसऱ्या चाकाची वाट बघत राहिला. रडत होता तो. त्याचा तो फोटो जगभर गाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी तर तो पुढे निघून गेला होता, तो उलटा फिरून डोंगर चढून मागे आला आणि सायकलच देऊन टाकली. मुख्य खेळाडू जिंकला. व्हिएतो पाचवा आला. पण त्या वर्षीचा डोंगरांचा किताब, म्हणजे आपल्या भाषेत घाटाचा राजा, तोच होता.

हे वाचलं आणि मला आपल्या कितीतरी जणी आठवल्या. भावाच्या शिक्षणासाठी शाळा सोडलेल्या, दिराच्या दुकानासाठी पाटल्या काढून दिलेल्या. कठड्यावर बसलेल्या. फरक एवढाच, की त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

पण त्या संध्याकाळी त्या मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती महत्त्वाची. म्हणाला, "काकू, पुढे एकच जण कायम नाही राहत हं. थोडा वेळ हा, थोडा वेळ तो. आळीपाळीनं वारा घेतात. एकच पुढे राहिला तर तो फुटतो आणि मग सगळेच मागे पडतात."

तो हे बोलत होता तेव्हा त्याची बहीण स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. समोरच्या खोलीत त्याची आई पडून होती.

आता त्या घराविषयी सांगते. आई एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला. पहाटे चारला उठून पाणी, डबे, धुणं उरकून सहाची गाडी धरायची. संध्याकाळी आल्यावर पुन्हा तेच. डिसेंबरात तिची कंबर धरली. डॉक्टरांनी दोन महिने सक्त विश्रांती सांगितली. आणि कुणी न बोलता, कुणी न ठरवता, तिची सगळी कामं बारावीतल्या मुलीवर आली. तिचा कॉलेजला जायचा वेळ घरातच जाऊ लागला. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली, फेब्रुवारीत लेखी. आदल्याच आठवड्यात तिनं मला हळूच विचारलं होतं, "काकू, ह्या वर्षी परीक्षेला नाही बसलं आणि पुढच्या वर्षी बसलं तर चालतं का?" मला पुढचं वर्ष माहीत आहे. मुलींच्या बाबतीत पुढच्या वर्षी परीक्षा येत नाही, स्थळ येतं.

म्हणून मी त्या मुलाला विचारलं, "बरं, मग तुमच्या घरात सध्या पुढे कोण आहे?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. मोबाइल खाली ठेवला त्यानं. बोलला काही नाही. वडील पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता. आई म्हणाली, "जाऊ द्या हो ताई, पोरगं आहे ते." मी म्हटलं, "ते पोरगं आहे, मान्य. पण वारा कळतो त्याला, त्यानंच तर मला शिकवलं."

मला वाटलं, बाई नको ते बोलून बसले. रात्रभर चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा बघते तर हंड्यांच्या रांगेत हा उभा! बायका हसल्या. मीही हसले असेन, पण तोंड फिरवून. पुढच्या आठवड्यात वडील कुकर लावायला शिकले. भाकरी काही कुणाला जमली नाही. ती महिनाभर आमच्या बचत गटातल्या दोघीजणी आळीपाळीनं पोचवत होत्या. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन दिवस तो कंटाळला, भांडणं झाली. आणि त्याच्या हंडा उचलण्याचं जेवढं कौतुक झालं, तेवढं बहिणीच्या दोन महिन्यांच्या राबण्याचं झालं नाही, हेही खरं. पण मुलगी प्रात्यक्षिकांना गेली, सगळे पेपर देऊन आली. आता तिची आईही पुन्हा कंपनीत जाते. पाणी मात्र अजून मुलगाच भरतो.

आजींच्या प्रश्नाचं उत्तरही मी शोधून ठेवलं आणि पुढच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगितलं. १९२४ मध्ये इटलीच्या मोठ्या शर्यतीत, 'जिरो द इटालिया'त, अल्फोन्सिना स्त्रादा नावाची एक बाई उतरली होती. यादीत नाव पुरुषाचं वाटावं असं लागलेलं. बारा टप्पे, ३,६१३ किलोमीटर, कच्चे रस्ते. एका टप्प्यात पडून तिच्या सायकलचं हँडल मोडलं, तर तिनं काय लावावं? झाडूचा दांडा! त्या दिवशी ती वेळेत पोचली नाही म्हणून तिला स्पर्धेतून बाद धरलं, पण मोजणीबाहेर का होईना, ती शेवटपर्यंत चालवत राहिली. नव्वद जण निघाले होते, तीस पोचले, आणि ही बाईसुद्धा मिलानला पोचली. लग्नात नवऱ्यानं तिला भेट काय दिली होती माहीत आहे? सायकल.

बायकांची टूर द फ्रान्स १९८४ मध्ये सुरू झाली, मग थांबली, आणि २०२२ पासून नव्यानं आठ टप्प्यांची सुरू झाली. ते पहिलं वर्ष जिंकलं नेदरलँड्सच्या आनेमिक फान फ्लोटेन यांनी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. एकोणचाळीस म्हटल्यावर आमच्या घोळक्यात एकदम शांतता पसरली. त्या वयाला आपण 'आता काय राहिलंय आपलं' म्हणायला लागतो ना!

आणखी एक रीत मला मोलाची वाटली. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्याला पाच लाख युरोचं बक्षीस असतं. पण ते तो घरी नेत नाही. ज्यांनी वारा अडवला, बाटल्या आणल्या, त्या सोबत्यांत ते वाटलं जातं. तशी जुनी प्रथाच आहे. आपल्या पुण्याच्या शर्यतीत न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे पहिला आला, त्याचं नाव सगळ्यांनी वाचलं. त्याच्यापुढे वाऱ्यात राहिलेल्यांची नावं मलाही ठाऊक नाहीत. पण ती मुलं आहेत, हे त्या खेळात सगळ्यांना माहीत असतं. तिथं ते काम मोजलं जातं.

घरात वारा घेणं वाईट नाही. आपण तो आनंदानं घेतो, आपल्या माणसांसाठी घेतो. पण कायम एकटीनंच पुढे राहायचं, हे कुणी आणि कधी ठरवलं? तो मुलगा म्हणाला तसं, पुढचा फुटला तर सगळेच मागे पडतात. तेव्हा एकदा घरातल्या सगळ्यांना जेवताना एकत्र बसवा आणि विचारा, "सध्या पुढे कोण आहे?" रागावून नको, सहज विचारा. उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

जाता जाता एक सांगते. परवा माळ्यावरून माझी जुनी सायकल खाली काढली. दोन्ही टायर गेलेत, साखळी गंजली आहे. सायकलवाल्याकडे टाकली आहे. मिस्टरांनी विचारलं, "कुठं जाणार आहेस?"

म्हटलं, "आधी पुलापर्यंत."