स्वयं-उपचार म्हणजे एकट्याने झुंजणे नव्हे
मे २०१६ मध्ये कॅनडातील फोर्ट मॅकमरे शहराला वणव्याने घेरले. ८० हजारांहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. पुढे त्यांच्यासाठी ‘रेझिलियंट’ हा ऑनलाइन स्वयं-उपचार तयार झाला. स्वयं-उपचार म्हणजे धीराचे व्हिडिओ, नाहीतर ‘तुमचे तुम्ही बघा’, असा समज असतो. प्रत्यक्षात त्यात बोधात्मक वर्तनोपचार (विचार-वर्तनाच्या सवयी बदलणारी पद्धत) टप्प्याटप्प्याने शिकवला जातो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम आपण घरीच करतो, पण फिजिओथेरपिस्ट शिकवतो, तपासतो, तसेच हे. धुराच्या वासाने छाती धडधडणारा माणूस शेकोटीजवळ आधी थोडा वेळच थांबायला शिकतो. झोप उडालेला झोपेची रोजची नोंद ठेवतो. उपचारक संपर्कात असतो, आणि माझ्या मते खरा आधार तोच. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र पडद्यावर विसंबू नये, ताबडतोब डॉक्टर गाठावा. भारतात त्यासाठी ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.