कात्रजचा घाट आणि दोन सायकली

कात्रजच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय पंचेचाळीस, डिसेंबरच्या मॅरेथॉनची तयारी चालू. रविवारी जुना घाट धावत चढायचा, बोगद्यापर्यंत जायचं आणि उतरून यायचं, हा नेम. हल्ली डाव्या कुल्ह्याखाली, अगदी बसण्याच्या हाडापाशी खोल ठसठसतं. चढावर वाढतं आणि गाडीत बसलं की विचारूच नका. धावणारे मित्र म्हणतात, 'हॅमस्ट्रिंग आखडलाय, रोज स्ट्रेचिंग कर.' ते इमानेइतबारे करताहेत. दुखणं हटत नाही.

स्ट्रेचिंगमुळेच हटत नसेल, असा माझा संशय आहे.

हॅमस्ट्रिंग म्हटलं की आपल्याला आठवतो शंभर मीटर धावताना मांडी धरून खाली बसणारा धावपटू, नाहीतर चोरटी धाव घेताना लंगडणारा फलंदाज. त्यांचा स्नायू मांडीच्या मागे भर वेगात फाटतो, बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा. लांब पल्ल्याच्या धावपटूचं दुखणं सहसा असं एका क्षणात होत नाही. ते वर असतं, जिथे हॅमस्ट्रिंगचे तिन्ही स्नायू कंडरेने बसण्याच्या हाडाला चिकटतात तिथे, आणि महिनोन्‌महिने साचत येतं. धावपटू पुढे झुकून चढ चढतो तेव्हा मांडी पोटाकडे जास्त येते आणि ताणलेली कंडरा त्या हाडावर दाबली जाते. ताण आणि दाब एकत्र आले की कंडरा कुरकुरते, हे जिल कुक आणि क्रेग पर्डम या ऑस्ट्रेलियन जोडीने २०१२ मध्ये नीट मांडलं. आता वाकून पायाचे अंगठे धरण्याचा व्यायाम डोळ्यांसमोर आणा. तिथेही तोच ताण, तोच दाब. बसल्यावर तर दाब थेटच. रविवारी घाट आणि सोमवारी नवले पुलाच्या कोंडीत तासभर बैठक, म्हणजे कंडरेला सुट्टी अशी नाहीच.

या दुखण्याने डॉक्टरांनाही कात्रजचा घाट दाखवला आहे. सायटिक नर्व्ह ही जाडजूड नस इथूनच, हाडाला जवळजवळ खेटून जाते. त्यामुळे कळ मांडीत उतरते आणि सगळे कंबरेच्या मणक्यात कारण शोधत बसतात. पुरानेन आणि ओरावा या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये अशा खेळाडूंचं वर्णन केलं, तेव्हा कुठे मूळ जागेकडे लक्ष गेलं.

उपायाकडे वळण्याआधी माझ्या एका लाडक्या प्रयोगाबद्दल सांगतो. साल १९५२, गाव लंडन. बर्नार्ड ॲबट, ब्रेंडा बिगलँड आणि मर्डोक रिची यांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं. दुसऱ्याची पेडलं त्यामुळे उलटी फिरणार, त्याने ती फक्त अडवत राहायचं. दोघांच्या पायांवरचा जोर तेवढाच, वेगही तेवढाच. फरक एकच: पहिल्याचे स्नायू आखडत जोर लावतात, दुसऱ्याचे ताणले जात असताना. दोघांचा श्वास मोजला, तर पेडल मारणाऱ्याला वेगानुसार सुमारे अडीच ते पाच पट जास्त ऑक्सिजन लागत होता! रॉयल सोसायटीत हा खेळ दाखवला तेव्हा अडवणाऱ्या तरुणीने फारसे कष्ट न घेता पेडल मारणाऱ्या तरुणाला दमवलं, आणि जमलेले विद्वान भलतेच खूश झाले. ही गोष्ट सांगताना नाव निघतं ते नोबेलवाल्या ए. व्ही. हिल यांचं, कारण पुढे त्यांनी ती रंगवून लिहिली. प्रयोग या तिघांचा. बिगलँडबाईंनी पुढे आयुष्यभर स्नायू का थकतात याचा माग काढला, पण मॅरेथॉनच्या कोचिंगमध्ये त्यांचं नाव मी तरी कधी ऐकलेलं नाही.

कात्रजचा घाट हा रोज चालणारा तोच प्रयोग आहे. चढताना छाती भात्यासारखी चालते, उतरताना गप्पा मारता येतात. मात्र ताणला जाणारा स्नायू स्वस्तात काम करतो याचा अर्थ तो थोडेच तंतू कामाला लावतो आणि त्या थोड्यांवर मोठा भार टाकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जो बोंबलतो, तो उताराचा हिशेब असतो. उतारावर ही किंमत मुख्यतः मांडीच्या पुढच्या स्नायूंना मोजावी लागते. हॅमस्ट्रिंगला मात्र उतार लागत नाही. सपाट रस्त्यावरही पुढे फेकलेली नडगी पाऊल टेकण्याआधी आवरावी लागते आणि ती तो ताणला जात असतानाच आवरतो. मॅरेथॉनभरात एका पायाला असं वीसेक हजार वेळा.

मग या स्नायूला सराव द्यायचा तो ताणला जाताना भार पेलण्याचाच. त्यातला प्रसिद्ध व्यायाम नॉर्डिक: गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि शरीर ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. डेन्मार्कच्या ९४२ फुटबॉलपटूंवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. व्यायाम करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती १५, न करणाऱ्यांत ५२. आकडे झकास आहेत, पण ते फुटबॉलचे, भरधाव पळताना फाटणाऱ्या स्नायूंचे. घाट चढणाऱ्या पंचेचाळिशीच्या कंडरेला ते जसेच्या तसे लावणाऱ्यांपासून जरा सावध. स्ट्रेचिंगच्या बाजूने तर एवढाही पुरावा नाही. ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १५३८ रंगरुटांवरचा २००० सालचा अभ्यास सांगतो की व्यायामाआधीच्या स्ट्रेचिंगने पायांच्या दुखापती काही कमी झाल्या नाहीत.

कंडरेच्या दुखण्यात क्रम महत्त्वाचा. आधी घाट, वेगाचा सराव आणि स्ट्रेचिंग बंद. सपाटीवर सोसेल तेवढं धावणं चालू. गाडीत शक्यतो सलग बसून राहायचं नाही. मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली कंबरेतून फार न वाकता करायचे व्यायाम: पाठीवर झोपून कुल्हे उचलून धरणं, पुढे वजन वाढवत नेणं. डेडलिफ्टसारखे वाकायचे व्यायाम त्यानंतर. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं नाही, तर भार बरोबर. घाट सगळ्यात शेवटी. आणि टप्पकन आवाज होऊन मांडी काळीनिळी पडली असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

हे सगळं व्हायला तीन-चार महिने लागतात, कधी जास्तही, कारण कंडरा फार संथ. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत सोडलेल्या कार्बन-१४ वरून डॅनिश संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की टाचेच्या कंडरेचा गाभा सतराव्या वर्षानंतर जवळपास बदलतच नाही. बसण्याच्या हाडापाशी हेच घडतं असं त्यांनी म्हटलेलं नाही. तरी पंधरा दिवसांत कंडरा 'नवी' करून देणाऱ्या जाहिराती वाचताना हा अभ्यास आठवावा. डिसेंबरची शर्यत यंदा अर्धी धावा किंवा सोडून द्या. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासूनची आहे, पुन्हा होईल.