बॅकस्लॅश: पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारी रेघ

डावीकडे वरून निघून उजवीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ म्हणजे बॅकस्लॅश: \. सातबाऱ्यावर गट क्रमांकापुढे हिस्सा दाखवणारी किंवा बोरिवलीच्या पत्त्यात इमारत आणि खोली यांच्यामध्ये येणारी रेघ उलट्या कलाची असते: /. ती साधी स्लॅश. वेबसाइटच्या पत्त्यातही तीच असते, तरी फोनवर पत्ता सांगताना अनेक जण तिला बॅकस्लॅश म्हणतात आणि ऐकणारा चुकीची कळ दाबतो.

संगणकाच्या वर्णसंचात ही रेघ आणण्याचे श्रेय आयबीएमच्या बॉब बेमर यांना दिले जाते. १९६१ मध्ये त्यांनी ती सुचवली, कारण अल्गोल या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘आणि’ व ‘किंवा’ यांच्यासाठी खास चिन्हे होती. दोन तिरक्या रेघा जोडल्या की /\ म्हणजे ‘आणि’ आणि \/ म्हणजे ‘किंवा’ अशी दोन्ही चिन्हे तयार होत. १९६३ च्या अॅस्की मानकात बॅकस्लॅशला जागा मिळाली. तिचा क्रमांक ९२.

विंडोजमध्ये फोल्डरांच्या नावांमध्ये ती दिसते, त्याचे कारण साधे आहे. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या १९८१ मधल्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि आज्ञेला जोडायच्या सूचनांसाठी / वापरली जात होती. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरांची उतरंड आली, तेव्हा / अडकलेली असल्याने \ घेतली गेली. युनिक्समध्ये मात्र / हेच चिन्ह होते आणि वेबने तेच उचलले.

बॅकस्लॅशचे खरे महत्त्व प्रोग्रॅमिंगमध्ये आहे. सी आणि तिच्या वळणाने आलेल्या भाषांत ही रेघ सांगते, की पुढचे अक्षर दिसते तसे वाचू नये. \ नंतर रोमन एन आले तर नवी ओळ, टी आले तर टॅबएवढी मोकळी जागा. अवतरणात अवतरणचिन्हच लिहायचे असेल तर त्याआधी \ देतात, म्हणजे मजकूर तिथे संपला असे यंत्राला वाटत नाही. याच नियमामुळे नवखा प्रोग्रॅमर हमखास अडतो. एखाद्या सोसायटीच्या हिशेबाची फाइल ‘सी:\नोटीस\टॅक्स’ अशा ठिकाणी असेल आणि ही नावे लहान रोमन अक्षरांत असतील, तर प्रोग्रॅम पहिल्या रेघेपाशी नवी ओळ आणि दुसरीपाशी टॅब वाचतो. फाइल जागेवर असूनही सापडत नाही. उपाय म्हणजे रेघ दोनदा लिहिणे: \\. पहिली रेघ दुसरीचा विशेष अर्थ काढून घेते.

मराठी मजकुराशी तिचा संबंध आणखी जवळचा आहे. फक्त रोमन अक्षरे नेऊ शकणाऱ्या वाटेवरून देवनागरी पाठवायची, तर प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक \ आणि रोमन यू यांच्यापुढे लिहितात. ‘अंधेरी’ मग असे दिसते: \यू०९०५\यू०९०२\यू०९२७\यू०९४७\यू०९३०\यू०९४०. प्रत्यक्षात यू रोमन आणि अंक इंग्रजी असतात. अ, अनुस्वार, ध, मात्रा, र, वेलांटी अशी सहा चिन्हे. प्रत्येकाला सहा अक्षरे, एकूण छत्तीस. एखाद्या अॅपमध्ये मराठी नावाऐवजी अशी रांग उमटते, तेव्हा मजकूर बिघडलेला नसतो, उलगडायचा राहिलेला असतो.

मजकुरातून नेमका नमुना शोधताना \ नंतर रोमन डी म्हणजे ‘कोणताही अंक’. कोणत्या लिपीचे अंक, हे प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर ठरते. पायथॉन ३ देवनागरी अंकांनाही अंक मानते, जावास्क्रिप्ट केवळ इंग्रजी अंकांना. मुलुंडचा पिनकोड देवनागरीत ४०००८० असा भरला, तर एक प्रोग्रॅम तो स्वीकारेल आणि दुसरा नाकारेल. मराठी अर्ज तयार करणाऱ्यांनी हा फरक पाहिलाच पाहिजे.

गणिती मजकूर छापण्यासाठीच्या लाटेकमध्ये तर जवळजवळ प्रत्येक आज्ञा \ ने सुरू होते: प्रकरण, वर्गमूळ, ग्रीक अक्षर, सारे काही. पवईच्या आयआयटी मुंबईतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लाटेकचे धडे तयार केले आहेत. लाटेकच्या नव्या रूपांत थेट युनिकोड मराठी लिहिता येते, आज्ञा मात्र रोमनच राहतात. इथे कळफलक आडवा येतो. सरकारी प्रमाण असलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत बॅकस्लॅशच्या कळीवर ‘ॉ’ आहे आणि शिफ्टसह ‘ऑ’. डॉक्टर, कॉलेज, ऑफिस याच कळीने लिहिले जातात. मराठीत टंकन चालू असताना आज्ञेसाठी ती कळ दाबली, की टिंबांच्या वर्तुळावर एकटा ‘ॉ’ उमटतो. म्हणून मराठी प्रबंध लाटेकमध्ये लिहिणाऱ्याला सहसा प्रत्येक आज्ञेआधी मांडणी इंग्रजीत न्यावी लागते आणि आज्ञा संपली की परत मराठीत आणावी लागते.