गॅदरिंग सगळ्याच शाळांत होते, पण ठरवते कोण? शाळा निवडताना हे नक्की पाहा

डिसेंबर आला की शाळाशाळांत स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. एका शाळेत गाणी, वेशभूषा, सूत्रसंचालन सगळे शिक्षकच ठरवतात. मुले फक्त रंगमंचावर येतात. दुसऱ्या शाळेत कार्यक्रम मुलांची समिती ठरवते, खर्चाचा हिशेबही तीच लिहिते. पालकांच्या मोबाइलवर येणारे फोटो दोन्हीकडे सारखेच. मग फरक ओळखायचा कसा?

आठ पायऱ्यांची शिडी
रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांना वापरून घेणे, शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते मत विचारणे, या त्या तीन पायऱ्या. पाहुण्यांना गुलाब देण्यासाठी तासभर उभी असलेली मुले दुसऱ्या पायरीवर मोडतील. सर्वांत वर कल्पना मुलांची असते आणि निर्णय मुले व मोठी माणसे मिळून घेतात.

भरमसाट फी म्हणजे जास्त सहभाग?
तसे नाही. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेत ‘विषयमित्र’ पद्धत आहे. वेगवेगळ्या पातळीवरची मुले तिथे एकमेकांना शिकवतात. या शाळेला २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांत जगभरातील लोकांच्या मतदानातून ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला.

कायदा काय सांगतो?
शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार उरलेल्या जागांवर शाळेतील मुलांनाही घेता येते. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र ही समिती बंधनकारक नाही. त्यामुळे तिथे मुलांचे किती ऐकायचे, हे बहुतांशी संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांवर ठरते.

प्रवेशाआधी काय विचाराल?
शाळेचे माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाला तीन प्रश्न विचारा :
• वर्गाचे नियम कोणी केले?
• मॉनिटर कोण निवडते?
• तुम्ही सुचवलेली कोणती गोष्ट शाळेने बदलली?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे, हे मूल बाईंना न घाबरता सांगते आणि ती दुरुस्तही होते, अशा शाळेत उद्या कोणी त्रास दिला तरी ते बोलण्याची शक्यता जास्त. जिथे कडीबद्दल बोलायचीही भीती वाटते, तिथे मोठ्या त्रासाची गोष्ट घरापर्यंत उशिरा पोहोचते. कधी कधी पोहोचतच नाही.