पोट उघडलंच होतं, तर गाठ का ठेवली?

जठराला छिद्र पडलेला रुग्ण नांदेडच्या विष्णुपुरीतल्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा पहिली शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी असते. बहुतेक छिद्रं अल्सरची, काही मात्र कर्करोगाची. म्हणून पोट धुऊन छिद्र बुजवताना कडेचा तुकडा तपासणीला पाठवतात. अनेकदा कर्करोग त्या अहवालातूनच कळतो. ‘पोट उघडलंच होतं, तर गाठ का ठेवली?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे. पण जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या माणसाला जठर आणि भोवतालच्या लसिकाग्रंथी काढण्याची लांबलचक शस्त्रक्रिया झेपत नाही. प्रकृती स्थिर असेल तरच ती लगेच करावी, एरवी काही आठवड्यांनी. टाके सुकले म्हणजे आजार संपला असं मुळीच नाही. बायोप्सीचा अहवाल घ्यायला जरूर परत या आणि तो कर्करोगतज्ज्ञांना दाखवा.