'मी' आणि 'आम्ही'

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळीच माझा भाचा घरी आला. चाकणच्या एका कारखान्यात तो प्रेस शॉप सांभाळतो. डिप्लोमा करून भोसरीत सुपरवायझर म्हणून लागला, त्याला आता अठरा वर्षं झाली. चहा घेता घेता म्हणाला, "मामू, एका सल्लागार कंपनीत इंटरव्ह्यू आहे. मशीनबद्दल झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण बोलायचं कसं, ते तुम्ही सांगा. शब्द हे तुमचं काम."

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण या पट्ट्यात राहून कारखान्यांची भाषा कानावर पडतेच. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ साली राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ आलं. मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पुढं चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य छोटी वर्कशॉपं त्यांच्याभोवती उभी राहिली. काम अडलं, माल वेळेवर जाईना, की मालक सल्लागाराला बोलावतो. बाहेरच्या माणसानं येऊन दुखणं कुठं आहे ते दाखवायचं, हा त्याचा व्यवसाय.

अशा कंपन्या अनुभवी माणूस घेताना दोन गोष्टी पाहतात. आजवर तुम्ही स्वतः काय केलंत, ही पहिली. अनोळखी प्रश्न समोर आला तर विचार कसा करता, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीपाशीच भाचा अडखळला. मी विचारलं, "तू काय केलंस?" तो म्हणाला, "आम्ही डाय बदलायचा वेळ कमी केला." मी म्हटलं, "आम्ही म्हणजे कोण? तू काय केलंस?" पठ्ठ्या गप्प! आपल्याकडं 'मी केलं' म्हणणं बढाई वाटते, म्हणून 'आम्ही केलं' किंवा नुसतं 'झालं' म्हणून आपण मोकळे होतो. घरात हे शोभतं. पण समोरच्याला त्यातून माणूस दिसत नाही. तरुणपणी एका मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर मी गाव, वडील आणि घराणं सांगत बसलो होतो. नोकरी मिळाली नाही, यात नवल ते काय?

मग आम्ही वही काढली. प्रत्येक कामाचे चार भाग केले : अडचण काय होती, माझ्यावर कोणती जबाबदारी होती, मी काय केलं आणि शेवटी आकडा किती बदलला. जुन्या कारखान्याची गुपितं मात्र सांगायची नाहीत. ग्राहकाचं नाव, मालाचा दर हे वहीतसुद्धा नको. आज त्यांचं फोडणारा उद्या आपलंही फोडेल, हे ऐकणाऱ्याला कळतं.

दुसऱ्या भागात एक गोष्टीवजा गणित घालतात. आम्ही एक रचलं. मालक म्हणतो, "माल पुरत नाही, नवा प्रेस घेऊ का?" पाळी ४८० मिनिटांची, जेवण-चहाचे ३० वजा जाता ४५०. प्रेस मिनिटाला १० नग काढू शकतो, म्हणजे ४,५०० नग व्हायला हवेत. चांगले नग मिळतात २,७००. बाकीचे १,८०० गेले कुठं?

भाचा लगेच म्हणाला, "मेंटेनन्स बघावा लागेल." मी म्हटलं, "थांब. आधी प्रश्न विचार, मग उत्तर दे." एवढा माल बाजाराला खरंच हवा आहे का, हे आधी विचारायचं. मग वेळेचा हिशेब. डाय दोनदा बदलतात, दर वेळी ५० मिनिटं. म्हणजे १,००० नग गेले. पत्र्याची वाट पाहण्यात ४० मिनिटं, ४०० गेले. उरलेली ३१० मिनिटं मशीन मिनिटाला १० ऐवजी ९ नगांनी चालतं, ३१० गेले. आणि ९० नग रिजेक्ट. बेरीज जुळली. सर्वांत मोठी गळती डाय बदलण्यात आहे. तेव्हा ती बुजवायच्या आधी नव्या प्रेसवर पैसा कशाला?

जपानच्या शिगेओ शिंगो यांनी या गळतीवर उपाय दाखवला. मशीन थांबवूनच करावी लागणारी कामं वेगळी काढायची आणि मशीन चालू असताना उरकता येणारी वेगळी. पुढची डाय, बोल्ट, पाने आधीच मशीनशेजारी आणून ठेवले, तर निम्मं काम तिथंच होतं. भाच्यानं आपल्या प्रेस शॉपमध्ये नेमकं हेच केलं होतं. फक्त ते सांगता येत नव्हतं.

वही मिटताना तो हळूच म्हणाला, "मामू, माणसं किती कमी करता येतील, असं विचारलं तर?" त्याचे वडील एके काळी असेच घरी बसवले गेले होते. मला पटकन उत्तर सुचलं नाही. बऱ्याच वेळानं म्हटलं, "आत्ताचाच हिशेब सांग. १,८०० नगांतला एकही कामगारांच्या संख्येमुळं गेलेला नाही. दुसरीकडं कुठं हिशेब तसा निघाला, तर तोही लपवू नकोस. पण त्या माणसांना दुसरं कोणतं काम देता येईल, हे त्याच कागदावर लिही."

तो गेल्यावर पाहिलं, तर वही टेबलावरच राहिली होती. 'मी काय केलं' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं : डाय आणण्यासाठी ट्रॉलीची कल्पना ऑपरेटरची. ती मी साहेबांकडून मंजूर करून घेतली आणि तिन्ही पाळ्यांना शिकवली.

मुलाखतीचा निकाल अजून यायचा आहे. वही मी दुसऱ्याच दिवशी पोचती केली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)